पहाटेचं पाणी : भीमेवरच्या एका बंधाऱ्यात मासे मेले, त्याचं प्रकरण

माचणूरच्या खाली आणि सीना येऊन मिळते त्या हत्तरसंग कुडलच्या वर, भीमेवर कोल्हापूर पद्धतीचे, म्हणजे दारं काढता-घालता येणारे, बंधारे एकामागे एक आहेत. त्यातल्या एकाच्या फुगवट्यात २०२४ च्या मे महिन्यात एका पहाटे मासे मेले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांना आधीच पुरेसा त्रास झाला आहे.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. ज्या घराची ही गोष्ट आहे, त्या कोळ्याच्या घराशी माझी ओळख जुनी. घरातल्या कर्त्या माणसाला सगळं गाव मामा म्हणतं, मीही म्हणतो. ते मासे धरतात आणि त्यांच्या घरच्या, आमच्या मावशी, पाटी घेऊन आठवडी बाजारात बसतात. शेत नाही. नदी आहे म्हणून चूल आहे.

त्या दिवशी उजाडायला मामांचा फोन आला. "सर, लवकर या. सगळा मासा उलटा पडलाय. कुणीतरी औषध टाकलंय बगा."

मी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. बंधाऱ्याच्या दारांपाशी वाऱ्याने लोटून आलेले मासे पांढऱ्या पोटाने तरंगत होते. त्यात मोठे कटले होते, रोहू होते, हातभर लांबीचा एक शिंगाळा होता. काठावर माणसं जमली होती. कुणी म्हणत होतं वरच्या शेतातलं तणनाशक आलं, कुणी म्हणत होतं कारखान्याची मळी सोडली. दोनचार पोरं पोत्यात मासे भरायला लागली होती, त्यांना मामा ओरडून हाकलत होते. स्वतःचं उत्पन्न असं पाण्यावर तरंगत असताना हा माणूस परक्या पोरांच्या पोटाची काळजी करत होता, हे मला विसरता येत नाही.

दुपारी एका कार्यालयातून माणूस आला. त्याने बारा-साडेबाराच्या सुमाराला काठावरून बाटली भरली, पंचनाम्यावर सह्या घेतल्या आणि तो गेला. काही आठवड्यांनी कळलं की पाण्यात विशेष काही सापडलं नाही. कागदोपत्री प्रकरण तिथे संपलं. मी ते पुन्हा उघडतो आहे, कारण त्या बाटलीत खोटं काहीच नव्हतं. बाटली चुकीच्या वेळी भरली होती, एवढंच.

आधी मेलेल्या माशांकडे बघू. मामा विषाबद्दल बोलत होते तेव्हा मी पाण्यावरच्या माशांची जात आणि आकार बघत होतो. मेलेले जवळजवळ सगळे मोठे होते. बोटभर लांबीची पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात, तोंड पृष्ठभागाला लावून जिवंत होती. मरळ एकही मेलेली दिसली नाही. चिलापी (तिलापिया) मेली होती, पण रोहू-कटल्याच्या मानाने फार कमी. विष आलं असतं तर उलटं दिसलं असतं. विषाला लहान जीव आधी बळी पडतात, बेडकाची पिल्लं आणि झिंगेसुद्धा सुटत नाहीत, आणि मरळीला तर त्यात काहीच सवलत नाही. पण पाण्यातला प्राणवायू संपतो तेव्हा मोठ्या शरीराचा मासा आधी गुदमरतो. लहान मासा वरच्या पातळ थरातल्या पाण्यावर तग धरतो. मरळ तर हवेतून थेट श्वास घेऊ शकते, आणि चिलापी थोड्या प्राणवायूत निभावून नेण्यात पटाईत. मेलेल्या माशांची तोंडं उघडी होती, कल्ले फाकलेले होते. हे गुदमरल्याचं लक्षण.

मळीचा संशय साहजिक होता. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की नदीत काही झालं की बोट तिकडेच जातं, आणि पुष्कळदा ते खोटंही नसतं. मळी म्हणतात ते आसवनीचं, म्हणजे मद्यार्क काढतात तिथलं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी. त्याची जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला जेवढा प्राणवायू खाते तो, लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅमपर्यंत असते. घरगुती मैलापाण्याची दोन-तीनशेच्या घरात. म्हणजे एक टँकर सुटला तरी डोह मरतो. पण तशी मळी आली की पाणी तांबूस-काळं होतं, फेस येतो, आंबलेल्या गुळासारखा वास सुटतो. इथलं पाणी हिरवं होतं, दाट हिरवं, आणि वास शेवाळाचा होता. शिवाय गाळप हंगाम केव्हाच संपलेला. ज्यांनी केलं नाही त्यांच्या माथी हे मारलं, तर ज्या दिवशी कुणी खरंच करेल त्या दिवशी आपलं कुणी ऐकणार नाही. मामांना हे पटवायला मला दोन दिवस लागले.

तिसऱ्या रात्री आम्ही दोघे डोहावर बसलो. महाविद्यालयातून प्राणवायू मोजायचं सामान नेलं होतं. पद्धत जुनी आहे. बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा न राहू देता भरायची. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ बसतो, जितका जास्त तितका गडद. नसेल तर गाळ पांढरा राहतो. पुढचं अनुमापन करून आकडा काढता येतो, पण मामांना आकड्याची गरजच पडली नाही. दुपारी चारच्या बाटलीतला गाळ काळपट तपकिरी होता. रात्री दहाला तो फिका झाला. पहाटे चारच्या बाटलीत जे बसलं ते ताकासारखं पांढरं होतं. मामांनी तिन्ही बाटल्या विजेरीच्या उजेडात पायरीवर ओळीने मांडल्या आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे त्यो साहेब आला तवा पानी श्वास घेत हुतं. आन मासा मेला तवा धरलं हुतं."

याहून नेमकं मी वर्गात कधी सांगू शकलो नाही. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच तो वापरतं. तळाचा कुजणारा गाळही रात्रभर तो खातच असतो. म्हणून शेवाळाने भरलेल्या डोहात दुपारी भरपूर आणि सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी, असा रोजचा चढउतार चालतो. त्यात उन्हाळा. तीस अंशांच्या पाण्यात मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो, वीस अंशांच्या पाण्यात नऊ मावतो. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत किमान ४ मिलिग्रॅमचा निकष आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर केवढं थोडं आहे बघा. मासे मेले त्याच्या आदल्या दिवशी वळवाचं आभाळ आलं होतं. ऊन नाही, म्हणून शेवाळाने दिवसभर कमाई केली नाही. रात्री वारा पडलेला, म्हणून वरून काही मिसळलं नाही. पाऊसही पडला नाही. पहाटे शिल्लक संपली.

पण आभाळ तर दर वर्षी येतं, मासे मात्र दर वर्षी मरत नाहीत. मामांचं म्हणणं, असं मरण त्यांनी लहानपणी पाहिलंच नव्हतं. तेव्हा या डोहात उन्हाळ्यातही बांबू पुरत नसे.

मग पाणी कुठे गेलं? ही नदी आता आपली आपण वाहत नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाची, यशवंतसागराची, एकूण साठवण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर, त्यातले साडेत्रेसष्टच्या वर मृत साठ्याचे, म्हणजे कालव्याला न मिळणारे, आणि साडेत्रेपन्न उपयुक्त. पावसाळ्यातला विसर्ग संपला की धरणाखालच्या भीमेत जे पाणी येतं ते आवर्तनाचं, म्हणजे ठरवून पाळीपाळीने सोडलेलं. सोलापूर शहराला पिण्यासाठी भीमेवरच्याच औज बंधाऱ्यात पाणी पोचवायचं असतं, तिथून ते टाकळीच्या उपसा केंद्रातून शहरात जातं. धरणातून सोडलेलं पाणी तिथवर यायला आठ-दहा दिवस लागतात, शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी सोडावं लागतं, आणि वाटेत उपसा होऊ नये म्हणून काठच्या मोटारींची वीज तोडतात. आवर्तन पुढे गेलं की वीज परत येते. मग दोन्ही काठांच्या मोटारी लागतात आणि डोह उतरायला लागतो.

२०२३ चा पाऊस कमी पडला, उजनी भरलं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं, ते बघायला लोक गाड्या करून गेले. उणे साठ म्हणजे धरण रिकामं नव्हे, मृत साठ्यातलेही बत्तीस टीएमसी काढून घेतले असा त्याचा अर्थ. कालव्याच्या हिशोबात तो साठा मृत. माशांसाठी मात्र सगळ्या आटत्या जलाशयातली तीच एक जिवंत जागा. आमचा बंधारा धरणाच्या खाली आहे, पण गणित तेच. मोटारींचे फूटव्हॉल्व्ह उघडे पडेपर्यंत पाणी ओढलं गेलं आणि जे राहिलं ते कमरेएवढं, तापलेलं, हिरवं.

हिरवं कशाने, याचंही उत्तर एका गावात सापडत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा मैलापाणी घेऊन भीमेत येतात आणि ते सगळं उजनीत साठतं. धरणातून सुटणारं पाणीच नत्र-स्फुरदाने पोसलेलं असतं. खाली त्यात नीरा मिळते, मग पंढरपूर. चंद्रभागेसाठी २०१६ च्या अर्थसंकल्पात नमामि चंद्रभागा जाहीर झालं, तरी वाळवंटात उभं राहिलं की पाण्याचा वास येतोच. त्यावर उसाला घातलेल्या युरियाचं पाझरपाणी. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रातले आहेत, आणि भीमा त्यात आहे. वाहत्या, खोल पाण्यात हे खत पसरून जातं. उथळ आणि थांबलेल्या पाण्यात त्याचं शेवाळ होतं. म्हणून घाण आणि पाणीटंचाई ही दोन वेगळी दुखणी मानण्यात अर्थ नाही. या डोहात ती एकच होती.

आता माशाच्या जातींकडे वळतो, कारण मामांच्या दृष्टीने खरं नुकसान तिथे आहे. मावशींच्या पेटीत हिशोबाच्या जुन्या वह्या आहेत. पहिल्या वह्यांत शिंगाळा, वाम, मरळ, रोहू, झिंगे अशी नावं वळणदार अक्षरात येतात, मोठ्या मुलाच्या हातची. अलीकडच्या वहीत पानांमागून पानं एकच नाव आहे, चिलापी. एका पानावर तर नावही नाही, वरच्या ओळीखाली नुसत्या टिंबांच्या खुणा ओढल्या आहेत.

रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी आणि काठावर पसरलेलं उथळ पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, वीत नाहीत. जून-जुलैत पहिला पूर येण्याची जी वेळ, त्याच वेळी वरचं धरण पाणी अडवत असतं. या पट्ट्यात सापडणारे रोहू-कटले बहुतेक करून धरणातून वा तळ्यातून निसटून आलेले, सोडलेल्या बीजाचे. शिंगाळा तळाच्या वाळूत-मातीत खड्डा करून घरटं करतो. ती वाळू ट्रकांनी गेली, आता तिथे खडक आणि चिखल आहे. चिलापीला यातलं काही लागत नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा परदेशी मासा साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो आणि अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो. नदीचं तळं झालं, तेव्हा तळ्यातला मासा नदीचा मालक झाला. मी चिलापीला शिव्या देत नाही. तिने कित्येक घरं जगवली. पण तिला भाव कमी, आणि ती वाढली म्हणजे नदी सुधारली असं वजनाच्या आकड्यांवरून कुणी सांगू लागलं तर ते चूक आहे.

मामांच्या बाजूचाही दोष लिहितो, त्यांनीच सांगितला म्हणून. मोठा मासा मिळेनासा झाला तसं जाळ्याचा डोळा लहान होत गेला. आधी चार बोटं जाईल असा, मग दोन, मग वडाप, म्हणजे अगदी बारीक डोळ्याचं जाळं. वडापात बोटभर पिल्लूही सुटत नाही. "पोराची फी भरायची हुती सर. पिल्लू हाय ह्ये दिसत हुतं की डोळ्याला." वडाप टाकणारे ते एकटे नव्हते. काही जण तर सुरुंगाची दारू टाकतात, जी १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. तिच्या विरुद्ध मामा आयुष्यभर भांडले. एकदा मारही खाल्ला.

मासे मेल्यावर खरा तडाखा बसला तो बाजारात. औषधाचा मासा ही बातमी माझ्या तीन बाटल्यांच्या कितीतरी आधी आठवडी बाजारात पोचली होती. पुढचे काही आठवडे मावशींच्या पाटीपाशी बायका थांबायच्या, विचारायच्या, "नदीचा का?" आणि पुढे जायच्या. ताजी, फडफडती मरळ संध्याकाळी परत घरी यायची. शेवटी मावशींनी पहाटेची एसटी धरून सोलापुरातून बर्फातला आंध्रचा कटला विकत आणायला सुरुवात केली. नदीकाठचं कोळ्याचं घर दुसऱ्या राज्यातल्या तळ्यातला मासा विकून जगायला लागलं. तो विकताना पहिल्या दिवशी त्या रडल्या, हे त्यांनी मला नाही, माझ्या बायकोला सांगितलं. डोहात मेलेल्या माशांचं नुकसान एका दिवसाचं होतं. चुकीच्या कारणाने महिनाभर खाल्लं. म्हणून मला वाटतं की मासे का मेले हे त्याच दिवशी नीट शोधणं हा अभ्यासकांचा छंद नव्हे. मावशींच्या पाटीचा भाव त्यावर ठरतो.

भरपाई मिळाली नाही. कुणाकडे मागायची? पीक गेलं तर सातबारा असतो, पंचनाम्याला रकाना असतो. नदीत मोकळा फिरणारा मासा कुणाच्या नावावर नसतो. पाण्याच्या वाटपात आधी पिण्याचं, मग शेतीचं, मग उद्योगाचं अशी ओळ आहे. त्या ओळीत मासा कुठेच उभा नाही, आणि म्हणून मासे धरणाराही नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, वीज आणि कर्जात सवलत येईल म्हणून तळ्यावाल्यांना आनंद झाला. मामांकडे तळं नाही. त्यांना वीज नको आहे, मेमध्ये डोहात पुरुषभर पाणी हवं आहे.

त्यासाठी आम्ही एक प्रयत्न केला. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात दारं घालायच्या वेळी, बंधाऱ्याच्या खांबावर तांबड्या रंगाची एक रेघ ओढली. पाणी रेघेला टेकलं की रात्रीच्या मोटारी बंद, एवढंच मागणं. मोटारवाले परके नव्हते, मामांचे वर्गमित्रच होते त्यात. एक जण म्हणाला, "मामा, माझा ऊस वाळला तर कर्ज तू फेडणार का?" हा प्रश्न खोटा नाही. त्याच्यावर मी रागावू शकलो नाही. तरी चार-पाच जणांनी मान डोलावली. मामांनी आपल्याकडून वडाप जाळला, सगळ्यांसमोर, बंधाऱ्याच्या पायरीवर. नवं जाळं चार बोटांचं घेतलं, उधारीवर.

त्या रेघेची परीक्षा अजून झालेली नाही. २०२५ च्या मे महिन्यात पाऊस असा लवकर आणि असा जोरात आला की दारं काढायच्या आधीच पाणी बंधाऱ्यावरून गेलं. रेघ दिसलीच नाही. पुढे सप्टेंबरात सीनेने काठची गावं बुडवली, भीमाही दुथडी होती. मामांचं चार बोटांचं जाळं त्यात वाहून गेलं. पण पुराच्या पाठोपाठ डोहात रोहूची पिल्लं दिसली. वरून वाहून आलेली की इथेच कुठे पसरलेल्या पाण्यात जन्मलेली, ते सांगता येणार नाही. मामांचा कौल दुसऱ्याकडे आहे. मावशी अजून आठवड्यातून एकदा आंध्रचा मासा आणतात, बाकीचे दिवस नदीचा.

आता मामांना दुसरी काळजी लागली आहे. उजनीपासून सोलापूरपर्यंत दिवसाला १७० दशलक्ष लिटरची समांतर जलवाहिनी टाकली आहे. शहराचं पाणी नळातून गेलं की ते नदीतून सोडायची गरज कमी होईल, तेवढी बचत होईल, असंच तिचं समर्थन आहे. शहरात चार-पाच दिवसांआड नळ येतो, त्या बायकांच्या बाजूने मी ही जलवाहिनी मागितली असती. पण उन्हाळ्यात या डोहांना जो श्वास मिळत होता तो शहराच्या नावाने सुटलेल्या पाण्याचा. माशासाठी म्हणून कुणी एक थेंबही सोडलेला नव्हता.

"नळ सुरू झाला की आवर्तन येनार का न्हाई सर?" मामांनी विचारलं. मी म्हटलं, अर्जात हा प्रश्न लिहू. अर्ज लिहिला. त्यात दोनच मागण्या आहेत : उन्हाळ्यात बंधाऱ्यात किमान पातळी माशांसाठी राखावी, आणि पाण्याचा नमुना सूर्योदयाच्या आधी घ्यावा. अर्जाची पोच मिळाली आहे. दुसऱ्या मागणीसाठी मामा वाट बघत थांबलेले नाहीत. सामान मी त्यांच्या घरी ठेवलं आहे. आभाळ भरून वारा पडलेल्या रात्री ते चारला उठतात, बाटली भरतात, आणि गाळाचा रंग मावशींच्या वहीत चिलापीच्या ओळीशेजारी लिहून ठेवतात.